सोयाबीनच्या दाण्याएवढी आजी

सॉफ्टवेअरमध्ये काम करणाऱ्या माणसाला नातेवाईक नक्की काय समजतात, यावर कधीतरी वेगळं लिहीन. मी बँकांसाठी सर्व्हरवरचे प्रोग्रॅम लिहितो हे पंधरा वर्षं सांगून झालं. उपयोग शून्य. प्रिंटर अडकला की मी, मोबाईल हँग झाला की मी, पीकविम्याचा फॉर्म वेबसाईटवर पुढे सरकत नसला तरी मीच. आता सवय झाली आहे. पण मागच्या उन्हाळ्यात जे काम अंगावर आलं ते मात्र अजून डोक्यातून जात नाही, म्हणून आज हा शनिवार त्याच्यावर.

आजी गेली. मेहकर तालुक्यातलं आमचं गाव. वय नव्वदीच्या आसपास असावं (आधार कार्डावर जन्मतारीख १ जानेवारी आहे, यावरून काय ते समजा). आजारपण वगैरे काही नाही, दुपारी पडली ती उठलीच नाही. मी रात्रीच्या ट्रॅव्हल्सने पुण्याहून निघालो, सकाळी पोचलो. पुढचं सगळं रीतीप्रमाणे झालं. आठव्या-नवव्या दिवशी काका म्हणाले, "तेरवीले तसबीर लागते. बारा बाय अठरा. तू कॉम्प्युटरवाला, फोटो तेवढा मोठा अन् क्लीन करून आन."

मोठा आणि क्लीन. जगातल्या प्रत्येक क्लायंटची हीच रिक्वायरमेंट असते.

आजीचे फोटो शोधायला बसलो तेव्हा पहिला धक्का बसला. नव्वद वर्षांच्या बाईचे घरात चार फोटो. तिच्या हयातीत घरात निदान दहा-बारा कॅमेरावाले मोबाईल येऊन गेले असतील, पण तिचे फोटो चार.

पहिला आधार कार्डावरचा. आधारवरच्या फोटोबद्दल मी काही बोलत नाही, तुमचाही आरशासारखा येत नसणार.

दुसरा १९७४ सालचा, यात्रेतल्या स्टुडिओत काढलेला. कृष्णधवल. आजोबा खुर्चीवर, आजी बाजूला उभी, तीन पोरं पुढे घाबरलेली. आकार तळहाताएवढासुद्धा नाही.

तिसरा २००८ सालचा, तेव्हाच्या एका मोबाईलवर काढलेला, ६४० बाय ४८०. यात आजी पाठमोरी आहे. म्हणजे ती आजी आहे हे आम्ही लुगड्यावरून ठरवलं.

आणि चौथा मे २०१३ चा, चुलतबहिणीच्या लग्नातला ग्रुप फोटो. बावीस माणसं. आजी दुसऱ्या रांगेत डावीकडे, आणि चक्क हसतेय. तोंड उघडं, दात एकही नाही, डोळे बारीक झालेले. सगळ्यांना हाच हवा होता. घरातल्या पाच मोबाईलमध्ये तो होता आणि पाचही ठिकाणी सारखाच: मेसेजमधून फिरून फिरून आलेला, १२८० बाय ९६०.

आता थोडं गणित. कंटाळा करू नका, चौथीचं आहे. मी फोटो उघडून आजीचा चेहरा मोजला. एका कानापासून दुसऱ्यापर्यंत ९० पिक्सेल. छापखान्याचा प्रचलित नियम म्हणजे हातात धरून बघायच्या फोटोला इंचाला ३०० ठिपके हवेत. ९० भागिले ३०० म्हणजे ०.३ इंच. साडेसात मिलिमीटर. आमच्याकडे बुलढाण्यात मापं पिकावरून कळतात, म्हणून सांगतो: माझ्या आजीचा चेहरा नीट छापायचा तर तो सोयाबीनच्या दाण्याएवढाच छापता येत होता. काकांना तो सहा इंच रुंद हवा होता. सहा इंचात ९० पिक्सेल म्हणजे इंचाला १५.

हा ३०० चा आकडा काही आकाशातून पडलेला नाही. चांगल्या नजरेच्या माणसाला एका अंशाच्या साठाव्या भागाइतका बारीक फरक दिसतो. फूटभर अंतरावर तो भरतो इंचाला साधारण ३०० ठिपके. मीटरभर लांब गेलात की ९० सुद्धा पुरतात. तीन मीटरवर ३०. म्हणून तर चौकातला श्रद्धांजलीचा फ्लेक्स याच फोटोवरून झकास झाला! त्यावर आजीचा चेहरा दीड फूट रुंद होता, म्हणजे इंचाला फक्त ५ पिक्सेल, एकेक पिक्सेल गव्हाच्या दाण्याएवढा. जवळ गेलं की नुसता चिखल. पण पलीकडच्या चहाच्या टपरीवरून बघा, हुबेहूब आजी. तसबीर मात्र बैठकीत लागणार, आणि आमची बैठक काही चौकाएवढी नाही.

इथे एक विषयांतर, पण महत्त्वाचं. चौघांत सगळ्यात स्पष्ट फोटो कुठला होता? १९७४ चा. मी तो स्कॅनरवर ६०० डीपीआयला टाकला आणि बघतच राहिलो. आजीच्या कपाळावरचं गोंदण दिसत होतं. भुवयांच्या मधोमध एक मोठा ठिपका, आणि हनुवटीवर तीन बारीक. मोजता येत होते. यात्रेत तंबू ठोकून बसलेल्या कुठल्याशा फोटोवाल्याने काढलेल्या फोटोत जे टिकलं, ते चाळीस वर्षांनंतरच्या मोबाईलच्या फोटोत उरलं नव्हतं. माझा अंदाज असा आहे की साधारण २००३ ते २०१५ या काळातले आपल्या खेड्यापाड्यांतल्या घरांचे फोटो सगळ्यात वाईट अवस्थेत आहेत. रोलचे कॅमेरे गेले, मोबाईल आले पण भुक्कड होते, आणि जे काढलं ते छापून घ्यायची सवय मोडली. फोटो भरपूर काढले, पण छापण्याजोगे फार थोडे राहिले. तुमच्या घरी बघा आणि सांगा.

असो. तर फोटो दुरुस्त करायचा म्हणजे नक्की काय करायचं? लोक ज्याला सरसकट 'ब्लर' म्हणतात ते तीन-चार वेगळे आजार आहेत. हात हलला, फोकस चुकला, पिक्सेलच कमी आहेत, किंवा फाइल लहान करताना मशीनने बारकावे टाकून दिले. पहिल्या दोघांवर काही प्रमाणात खरा उपाय आहे. याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण अवकाशात घडलं. एप्रिल १९९० मध्ये हबल दुर्बीण वर गेली आणि लक्षात आलं की तिचा २.४ मीटरचा आरसा कडेला २.२ मायक्रॉनने जास्त सपाट घासला गेलाय. म्हणजे केसाच्या जाडीचा साधारण पन्नासावा भाग. सगळे फोटो धूसर. डिसेंबर १९९३ मध्ये अंतराळवीरांनी वर जाऊन दुरुस्ती केली, पण मधली साडेतीन वर्षं शास्त्रज्ञांनी नुसत्या गणिताने फोटो सुधारून वापरले. रिचर्डसन (१९७२) आणि ल्यूसी (१९७४) या दोघांनी स्वतंत्रपणे शोधलेली पद्धत त्यात खूप कामाला आली. हे जमलं, कारण आरसा नेमका कसा बिघडलाय ते ठाऊक होतं. एका ताऱ्याचा ठिपका किती आणि कसा पसरतो हे मोजता येत होतं, मग उलटं गणित करून तो परत गोळा करता येत होता.

हे म्हणजे तुरीत मूग मिसळल्यासारखं आहे. कटकट आहे, पण बसून निवडता येतात.

आजीच्या फोटोचा आजार वेगळा होता. तो लहान झाला होता. समजा शेजारशेजारच्या चार पिक्सेलच्या किमती १०, २०, ३० आणि ४० होत्या. त्यांचा एक पिक्सेल केला, सरासरी २५. आता तुम्हाला फक्त २५ देऊन मी म्हटलं, मूळचे चार सांगा. २५ चार वेळा? की ० आणि ५० दोन-दोन वेळा? सगळ्यांची सरासरी २५ च येते. खरं उत्तर त्यातलं एकच आहे आणि ते कुठलं हे या २५ मध्ये कुठेही लिहिलेलं नाही. वर जेपेग. तो फोटोचे आठ बाय आठचे चौकोन पाडतो आणि त्यातला बारीक तपशील आधी फेकतो, कारण माणसाच्या डोळ्याला तो सहसा जाणवत नाही. सुरकुती, पापणी, गोंदणाचा ठिपका, हे सगळं 'बारीक तपशील' याच खात्यात मोडतं. आणि हे निवडण्याचं काम नाही, हे दळण आहे. पिठाची परत ज्वारी होत नाही. मालिकांमधला इन्स्पेक्टर "झूम करा, अजून झूम करा" म्हणतो आणि गाडीचा नंबर दिसायला लागतो, तेव्हा माझ्यातला इंजिनिअर टीव्हीसमोर शिव्या घालत असतो.

हे सगळं मला माहीत होतं. माहीत असून मी काय केलं? एक एआयवालं ॲप डाउनलोड केलं, आजीचा चेहरा कापून त्यात टाकला आणि 'एन्हान्स' दाबलं.

दहा सेकंदांत उत्तर आलं. खरं सांगतो, माझ्या डोळ्यांत पाणी आलं. इतकी स्पष्ट! पापणीचा केस न् केस. डोळ्यांत चमक. काकांना दाखवलं, ते म्हणाले "भारी झालं". मेहकरला जाऊन छापून, काच लावून, हार घालून तसबीर बैठकीत लागली. लोक येऊन पाया पडत होते, फोटो काय सुंदर आहे म्हणत होते. मी कॉलर ताठ करून वाढप करत होतो.

संध्याकाळी माणसं पांगल्यावर आत्या समोर येऊन बसली. बराच वेळ बघत होती. मला वाटलं रडतेय. मग तिने मला हाक मारली.

"बाबू, हे कोन होय?"

"आजी आहे ना आत्या."

"ही माही माय नाही. हिले दात कुठून आले?"

मी बघितलं. दात होते. वरची ओळ पूर्ण, पांढरीशुभ्र, जाहिरातीत असते तशी. माझी आजी मला आठवते तेव्हापासून बोळकी होती, आणि ज्या हसण्यासाठी आम्ही हा फोटो निवडला ते हसणंच बोळकं होतं. मशीनला उघड्या तोंडाच्या जागी आठ-दहा गुलाबी-करडे पिक्सेल दिसले, त्याने ठरवलं इथे दात असणार, आणि भरून टाकले.

"अन् हे?" आत्याने कपाळाकडे बोट केलं.

गोंदणाच्या जागी टिकली होती. गोल गरगरीत, काळपट लाल, कडा एकदम स्वच्छ. आजोबा १९८६ साली गेले. त्यानंतर आजीने कपाळाला काही लावलं नाही. लावायला हवं होतं की नको हा वाद आत्याने तिच्याशी कैक वेळा घातला होता, म्हणे. विधवेने कुंकू लावू नये असं माझं मत नाही, आत्याचं तर नाहीच. पण तो निर्णय आजीचा होता. एका प्रोग्रॅमने तीन-चार पुसट पिक्सेल बघून तिचा जवळजवळ चाळीस वर्षांचा निर्णय दहा सेकंदांत फिरवला, आणि आम्ही त्याला हार घातला.

हनुवटीवरचे तीन ठिपके तर गायबच. ते त्याला कचरा वाटले.

त्या रात्री मला झोप लागली नाही. मी मुळातला संशयी माणूस. मला हे दिवसभर कसं दिसलं नाही? उत्तर साधं आहे. धूसर फोटो बघताना आपण आठवणीतून भर घालतो, त्यामुळे आपलं लक्ष जागं असतं. स्पष्ट फोटो बघताना आपण विश्वास ठेवतो. फोटो धूसर असला की तो आपल्याला आपोआप सांगत असतो, बाबा रे, मला नीट माहीत नाही. एआयने ती पाटी पुसून टाकली. त्याने एकही खरा बारकावा आणला नव्हता, पण 'माहीत नाही' ही जी एक खरी गोष्ट त्या फोटोत होती ती मात्र काढून घेतली. माझा सगळा आक्षेप या एका वाक्यात आहे.

ही मशीनं हे का करतात? कारण ती शिकलेली आहेत दुसऱ्या चेहऱ्यांवर. उदाहरणार्थ जीएफपीगॅन (२०२१) हे चेहरे सुधारणारं गाजलेलं मोफत मॉडेल. ते शिकलं एफएफएचक्यू नावाच्या संग्रहावर: ७०,००० चेहरे, फ्लिकर या फोटोंच्या साईटवरून गोळा केलेले. आता मला सांगा, मेहकर तालुक्यातल्या किती बोळक्या म्हाताऱ्या फ्लिकरवर फोटो टाकत होत्या? मशीनने आयुष्यात जे चेहरे पाहिले त्यांना दात होते, आणि कपाळावर ठिपका असलाच तर ती टिकली. त्याने त्याच्या परीने सगळ्यात शक्य असलेलं उत्तर दिलं. पण माझी आजी म्हणजे कुठली सरासरी नव्हे. कुणाचीच आजी नसते.

हे फक्त आमच्या घरात घडलं असं समजू नका. जून २०२० मध्ये अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाच्या पल्स नावाच्या प्रोग्रॅमला कुणीतरी बराक ओबामांचा चौकटीचौकटीचा पुसट फोटो दिला. बाहेर आला एक गोरा माणूस. बरंच रण माजलं. २०२४ मध्ये वॉशिंग्टन राज्यातल्या किंग काउंटीच्या न्यायालयात एका खून खटल्यात एआयने स्पष्ट केलेला मोबाईलचा व्हिडिओ पुरावा म्हणून आणला गेला, न्यायाधीशांनी तो नाकारला. आणि हा रोग एआयच्या आधीचा आहे. २०१३ साली डेव्हिड क्रीसेल या जर्मन संगणकतज्ज्ञाच्या लक्षात आलं की झेरॉक्स कंपनीची काही मशीनं स्कॅन करताना आकडेच बदलतायत. घराच्या नकाशात तीन खोल्यांची क्षेत्रफळं वेगवेगळी, स्कॅनमध्ये तिन्हीकडे १४.१३. फाइल लहान करायला मशीन 'सारखे दिसणारे' आकडे एकमेकांच्या जागी वापरत होतं. गंमत म्हणजे बदललेला आकडा अजिबात धूसर नव्हता, एकदम ठसठशीत. विचार करा, तुमच्या सातबाऱ्यावर गट नंबरातल्या ६ चा ८ झाला, आणि तोही ठसठशीत!

पण दुसरी बाजूही सांगायला हवी. तेरवीनंतर मी ज्या स्टुडिओत फोटो छापला तिथे परत गेलो. स्टुडिओवाले भाऊ सत्तरीचे, वडिलांपासूनचा धंदा. त्यांना दात-टिकलीची कथा सांगितली तर ते हसले. म्हणाले, "साहेब, आम्ही काय कमी खोटं केलं काय? निगेटिव्हवर पेन्सिल मारून सुरकुत्या घालवल्या. मिटलेले डोळे ब्रशने उघडले. कोट कधी घातला नाही त्याले कोट-टाय घातला. नवरा-बायकोचा जोडीने फोटो नसला तर दोघांचे दोन फोटो कापून शेजारी बसवले. लोकं खूश होऊन घेऊन जात." आणि मग माझ्याकडे रोखून बघत, "तुमची मशीन तेच करते. फक्त लवकर."

मला उत्तर सुचलं नाही. परतीच्या रस्त्यावर, अर्ध्या वाटेत, सुचलं (नेहमीसारखं). भाऊ ब्रश घेऊन बसायचे तेव्हा शेजारी स्टुलावर घरचं माणूस बसलेलं असायचं. "नाक जरा बसकं होतं", "गोंदण ठेवजा", "कोट निळा करा". खोटं होतं, पण ज्याचं त्याला माहीत असलेलं खोटं होतं. कोट-टाय घातलेल्या आजोबांनी कधी कोट घातला नव्हता हे घरात सगळ्यांना ठाऊक असायचं. मशीन स्टूल ठेवत नाही. काय घातलं आणि काय काढलं हेही सांगत नाही. माझा राग खोटेपणावर कमी आहे, न विचारण्यावर जास्त आहे.

कमी पिक्सेलचा फोटो म्हणजे निकामी फोटो असंही नाही. आमच्या शेजारच्या तालुक्यातलं उदाहरण देतो. जून २०२० मध्ये लोणार सरोवराचं पाणी गुलाबी झालं ते तुम्हाला आठवत असेल. नासाने लँडसॅट ८ या उपग्रहाचे दोन फोटो दाखवले, एक २५ मेचा हिरवट आणि एक १० जूनचा गुलाबी. या उपग्रहाचा एक पिक्सेल म्हणजे जमिनीवरचे ३० मीटर. तळं साधारण १.२ किलोमीटर रुंद, म्हणजे अख्खं लोणारचं तळं फक्त ४० पिक्सेल. आजीच्या चेहऱ्याच्या निम्म्याहून कमी! पण प्रश्न 'रंग बदलला का?' एवढाच होता आणि त्याला ४० पिक्सेल रग्गड झाले. 'का बदलला?' या प्रश्नाचं उत्तर फोटो मोठा करून कुणी शोधलं नाही. पाण्याचे नमुने बाटल्यांतून पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत गेले आणि खारट पाण्यात वाढणारे हॅलोआर्किया नावाचे सूक्ष्मजीव सापडले. नवी माहिती हवी असेल तर ती जिथे आहे तिथे जाऊन आणावी लागते. आहे तीच माहिती ताणून नवी होत नाही.

हे लोणारचं आठवलं आणि माझी ट्यूब पेटली. मी तरी कुठे गेलो होतो आणायला? घरातल्या पाच मोबाईलमधली तीच ती दळलेली प्रत घेऊन बसलो होतो. मूळ फोटो काढला कुणी?

चुलतभावाने. दिवाळीत त्याला गाठलं. तो मोबाईल केव्हाच फुटला होता. "अन् कार्ड?" त्याने डोकं खाजवलं. कार्ड ट्रॅक्टरच्या टेपमध्ये होतं! आठ जीबीचं कार्ड वाया कशाला घालवायचं म्हणून त्याने त्यात गाणी भरून ट्रॅक्टरला लावलं होतं, आणि कधी फॉरमॅट करायचे कष्ट घेतले नव्हते. (आळस हा बॅकअपचा सर्वोत्तम प्रकार आहे, हे मी ऑफिसात सांगू शकत नाही.) धूळ पुसून कार्ड लॅपटॉपला लावलं. दोनशे गाण्यांच्या खाली कॅमेऱ्याचा फोल्डर जसाच्या तसा. मे २०१३. फोटो २५९२ बाय १९४४.

आजीचा चेहरा १८२ पिक्सेल. दुप्पट रुंद, म्हणजे चौपट माहिती. दात नव्हते. भुवयांच्या मध्ये हिरवट ठिपका होता, कडा जरा पसरलेली, जुनं गोंदण पसरतं तशी. हनुवटीवरच्या तिनांपैकी दोन दिसत होते. तिसरा हसताना पडलेल्या घडीत गेला असावा.

बारा बाय अठराचा हट्ट मी सोडला. नुसता चेहरा न कापता आजी आणि तिच्या आजूबाजूचे थोडे, असा ७०० बाय ५०० पिक्सेलचा तुकडा घेतला आणि पाच बाय सातचा फोटो छापला. इंचाला १०० पिक्सेल. दोन हातांवरून बघितलं की बरोबर दिसतो, नाकाजवळ नेला की धूसर. कुठलंही शार्पनिंग नाही, एआय नाही, फक्त लग्नाच्या मांडवामुळे चेहऱ्यावर आलेला पिवळेपणा थोडा कमी केला, आणि तेसुद्धा आत्याला शेजारी बसवून.

तर या सगळ्यातून मी स्वतःसाठी काढलेले नियम, हवे तर घ्या:

१. आधी मूळ फाइल शोधा. ज्याने फोटो काढला त्याला विचारा. जुने मोबाईल, कार्डं, सीडी, स्टुडिओवाल्याचं कपाट. दहा तासांच्या फोटोशॉपपेक्षा एक फोन जास्त कामाचा.

२. मेसेजमधून फोटो मागवताना 'डॉक्युमेंट म्हणून पाठव' म्हणा. तसा पाठवला तर तो लहान होत नाही.

३. मोठा छापण्याआधी पिक्सेल मोजा आणि तो किती लांबून बघितला जाणार ते ठरवा. फोटो मोठा करण्यापेक्षा चौकट लहान करणं केव्हाही स्वस्त.

४. एआय वापरायचंच असेल तर वापरा, पण ज्याने ते माणूस रोज पाहिलंय त्याला शेजारी बसवा. आणि फोटोच्या पाठीमागे तसं लिहून ठेवा. पन्नास वर्षांनी कुणीतरी हीच आपली पणजी म्हणून बघणार आहे.

५. मूळ फोटो कधीही खोडू नका. कितीही धूसर असला तरी.

आणि सहावा नियम, जो खरं तर पहिला आहे: घरात जी म्हातारी माणसं आहेत त्यांचा आज उजेडात, खिडकीजवळ बसवून एक नीट फोटो काढा आणि या महिन्यात छापून आणा. हे मी सांगतोय आणि मीच बारा वर्षं केलं नव्हतं.

मोठी तसबीर अजून घरात आहे, कपाटावर भिंतीकडे तोंड करून. काका टाकू देत नाहीत, काचेचे पैसे गेलेत म्हणतात. छोटा फोटो बैठकीत आजोबांच्या शेजारी लागला. आजोबा दोन फूट, आजी सात इंच. लोक विचारतात, इतका लहान का लावला? आत्या आली की ती उत्तर देते, "तेवढीच होती ते." नेमकं काय म्हणायचं असतं तिला ते मी विचारलेलं नाही.